छोट्या विमानाच्या रेडिओत इंजिनाची टरटर येते, तपासणी कुठून सुरू करावी?

उडता_पोट्टा (तुमसर)

राम राम मंडळी. इथं जास्त करून ट्रॅक्टर, मोटारपंप, इन्व्हर्टर असंच चालते म्हणून हा विषय टाकू का नको असं होत होतं, पण वायरिंगचे जाणकार इथंच लय आहेत, म्हणून टाकून देतो.

मी एका फ्लाइंग ट्रेनिंगवाल्यांकडे टेक्निशियन आहे, एएमई (विमानाच्या दुरुस्तीवर सही करणारे लायसनवाले इंजिनिअर) साहेबांच्या हाताखाली. नाव गाव विचारू नका, नोकरी करायची आहे. आमच्याकडे एक जुनी सेसना 152 आहे, दोन सीटची, लायकमिंग ओ-235 इंजिन, चार सिलिंडर. तिच्या कॉम रेडिओत, म्हणजे विमानतळाच्या टॉवरशी बोलायच्या रेडिओत, मधातच टरटर सुरू झाली. टॉवर जवळ असला तर काही त्रास नाही. दूर गेलं, समोरचा आवाज कमजोर झाला की सगळं बोलणं त्या टरटरीत बुडते. आयडलवर टक टक टक अशी सुटी सुटी ऐकू येते, थ्रॉटल दिला की जवळ जवळ येत जाते आणि मग सलग टर्रर्र.

एक सिनियर म्हणतात स्क्वेल्च (कमजोर सिग्नल असला की आवाज बंद ठेवणारं सेटिंग) चढव, ऐकूच येणार नाही. दुसरे म्हणतात पॉवर लाइनला फिल्टर टाक आणि मोकळा हो. अ‍ॅव्हिऑनिक्सचा माणूस बाहेरून येतो, त्याच्या तारखा लवकर मिळत नाहीत. तो यायच्या आधी आपण काय काय पाहून ठेवावं? सध्या रोवणीसाठी गावी आलोय, परत गेलो की लगेच हात घालायचा आहे.

झाडीचा_वाघ (साकोली)

विमानवाला आला ग्रुपवर. ट्रॅक्टरवाल्यांनो, जरा केस विंचरून बसा.

संत्रावाला (वरुड)

भाऊ तुमचं इमान दूरच रायलं, माह्या फवाऱ्याच्या पंपाचं बी असंच होऊन रायलं. पाठीवरचा पेट्रोलचा पंप हाये, टू स्ट्रोक. बांधावर रेडिओ ठेवतो, आकाशवाणी नागपूर, 585 वर. पंपाची दोरी ओढली का रेडिओ खर्रर्र करते, बातम्या काही ऐकू येत नाई. आन् ट्रॅक्टरवर ब्लोअर लावून फवारलं तर रेडिओ एकदम साफ! एवढा मोठा ट्रॅक्टर काही करत नाई आन् हे एवढुसं मशीन काहून करते?

बॅटरीवाला (हिंगणघाट)

संत्रावाले भाऊ, ट्रॅक्टर डिझेलचा. डिझेलमध्ये प्लगच नाही, दाबानं पेट घेते, मग ठिणगी कुठची अन् आवाज कुठचा. तुमच्या पंपात प्लग आहे आणि फ्लायव्हीलच्या चुंबकावर चालणारी कॉइल आहे. प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. सात हजार आरपीएमला चालला तर सेकंदाला शंभरच्या वर ठिणग्या झाल्या. रेडिओला तेच ऐकू येते.

प्लग काढून नंबर पहा. मधात आर आहे का? एनजीकेचा बीपीएम7ए असन तर तो बिनरेझिस्टरचा. बीपीएमआर7ए आणा, त्यात आत रेझिस्टर असतो. किंमतीत काही फरक नाही. गावातला दुकानदार म्हणन का दोन्ही सारखेच, त्याचं ऐकू नका.

विमानाचं मला माहीत नाही, पण अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात कारमध्ये रेडिओ बसवायचा म्हणजे आधी सप्रेसर बसवा हे ठरलेलंच होतं. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या एचटी लीडमध्ये (हाय टेन्शनच्या वायरमध्ये) एक रेझिस्टर, कॉइलच्या बॅटरीच्या टर्मिनलला एक कंडेन्सर, डायनामोला एक कंडेन्सर. तेवढं केलं का मस्त गाणी वाजत.

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

विषय आवडला. थोडं मागून सांगतो. ठिणगी म्हणजे फार कमी वेळात करंट एकदम चढणं आणि पडणं. असा झटका एका फ्रिक्वेन्सीवर बसत नाही, खाली मीडियम वेव्हपासून वर व्हीएचएफच्या पुढेपर्यंत सगळीकडे पसरतो. म्हणून संत्रावाल्यांच्या 585 किलोहर्ट्झवर पण तो आहे आणि विमानाच्या 118 ते 137 मेगाहर्ट्झवर पण आहे.

आता विमानालाच जास्त त्रास का? कारण विमानाचा व्हीएचएफ रेडिओ आजही एएम आहे. एएममध्ये आवाज सिग्नलच्या कमीजास्त ताकदीत असतो आणि ठिणगीही नेमकी ताकदच हलवते, म्हणून ती सरळ स्पीकरमध्ये येते. एफएम रिसीव्हर ताकदीचा चढउतार छाटून टाकतो. कोणी विचारण्याआधीच सांगतो की विमानवाले एफएमवर का गेले नाहीत. एफएममध्ये जोरदार स्टेशन कमजोर स्टेशनला गिळून टाकतं, दुसरा बोलत होता हे कळतही नाही. एएममध्ये दोघं एकदम बोलले तर शिट्टी येते, टॉवरला कळतं की कोणीतरी अजून आहे.

गुरुजी_मेहकर

ठिणगीचा रेडिओशी संबंध जुनाच आहे. हर्ट्झने 1887 च्या सुमारास प्रयोगशाळेत रेडिओ लहरी काढल्या त्या ठिणगीतूनच. 1912 साली टायटॅनिकवर मदत मागायला वापरलेला मार्कोनीचा बिनतारी संचही ठिणगीवरच चालत होता. म्हणजे तुमचं इंजिन तेव्हाच्या भाषेत ट्रान्समीटरच म्हणायचं, फक्त विनापरवाना.

झाडीचा_वाघ (साकोली)

संत्रावाल्याच्या पंपाले लायसन काढा आता 😄

जुना_वायुसैनिक (आर्वी)

उडता_पोट्टा, आधी त्या स्क्वेल्चच्या सल्ल्याचं. स्क्वेल्च चढवला की टरटर जाते हे खरं, पण दूरच्या टॉवरचा कमजोर आवाजही त्याच दारातून बाहेर जातो. फिल्टरचंही तसंच. आवाज कुठून येतोय हे माहीत नसताना फिल्टर टाकणं म्हणजे पैसे आणि वजन दोन्ही वाढवणं.

मला ही उत्तरं आण. रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन तपासणीला, 1700 आरपीएमवर डावा आणि उजवा मॅग्नेटो (प्लगच्या ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) एकेक करून तपासताच ना, तेव्हा हेडसेट कानाला लावून ऐक. स्विच राइटवर नेला म्हणजे डावा मॅग्नेटो बंद झाला, टरटर कमी झाली तर चोर डावीकडे. लेफ्टवर नेल्यावर कमी झाली तर उजवीकडे. आणि दोन्ही वेळा आरपीएम किती पडतात तेही लिहून आण. 152 मध्ये 125 च्या वर पडायला नको आणि दोन्हीतला फरक 50 च्या वर नको, हे तुलाही पाठ असेल.

मग अल्टरनेटरचा स्विच क्षणभर बंद करून बघ. अल्टरनेटरचा आवाज बारीक शिट्टीसारखा असतो, आरपीएमबरोबर चढतो. तू जे सांगतोस ते टक टक आहे, त्यामुळे मला तो वाटत नाही, पण बघून घे. त्यानंतर रेडिओमागची अँटेनाची केबल सोडून ऐक. आवाज गेला तर तो हवेतून अँटेनात शिरतोय, तसाच राहिला तर वायरिंगमधून येतोय. अँटेना सोडलेली असताना ट्रान्समिटचं बटण चुकूनही दाबू नकोस.

आणि ह्या सगळ्याच्या आधी एक. आयडलवर स्विच क्षणभर ऑफ केला की इंजिन मरायला लागतं का? हे पहिलं बघ. रेडिओ नंतर.

रेवा_यवतमाळ

काका, शेवटचा प्रश्न कळला नाही. रेडिओच्या आवाजाचा आणि स्विच ऑफ होण्याचा काय संबंध? (मी इंजिनिअरिंगला आहे, आम्हाला मॅग्नेटो अर्ध्या पानात संपवला.)

जुना_वायुसैनिक (आर्वी)

चांगला प्रश्न विचारलास बेटा. गाडीत चावी बंद केली की कॉइलचा करंट तुटतो, ठिणगी बंद. मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही, इंजिन फिरलं की तो स्वतःची वीज स्वतः बनवतो. म्हणून त्याला बंद करायची रीत उलटी आहे. त्याच्या प्रायमरी कॉइलपासून एक वायर स्विचपर्यंत येते, तिला पी-लीड म्हणतात. स्विच ऑन म्हणजे ती वायर मोकळी. स्विच ऑफ म्हणजे ती ग्राउंडला टेकवली, कॉइल शॉर्ट झाली, ठिणगी बंद.

आता विचार कर. इंजिन चालू असताना त्या पी-लीडवर प्रायमरीचे झटके सतत चालू असतात, आणि ती वायर इंजिनाकडून फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ओलांडून थेट पॅनलमागे येते, जिथं रेडिओ बसलाय. म्हणून तिच्यावर जाळीचं शिल्ड असतं. जाळी तुटली की ती वायर पॅनलमागची अँटेना होते. आणि पुष्कळ विमानांत स्विचचा ग्राउंडही त्या जाळीवरूनच इंजिनाकडे परत जातो. म्हणजे जाळी तुटली तर रेडिओत टरटर येते आणि स्विच ऑफ केला तरी मॅग्नेटो ऑफ होत नाही. चावी खिशात, स्विच ऑफ, आणि कोणी विमान ढकलताना प्रोपेलर थोडा फिरवला तर इंजिन एक फटका मारू शकतं. त्या फटक्यात माणूस जातो.

रेवा_यवतमाळ

बापरे. हे अर्ध्या पानात नव्हतं.

बॅटरीवाला (हिंगणघाट)

एक सोपी युक्ती आमची. रात्री अंधारात इंजिन चालू करा आणि एचटी लीडकडे पहा. लीक असन तिथं निळी ठिणगी नाचताना दिसते. पावसाळ्यात तर लगेच दिसते. गाडीची टरटर मी अशीच शोधतो.

जुना_वायुसैनिक (आर्वी)

गाडीला करा, खुशाल करा. विमानाला कदापि नको. फिरता प्रोपेलर अंधारात दिसत नाही. शिवाय विमानाच्या एचटी लीडवरही धातूची जाळी असते, आतली ठिणगी बाहेर दिसायचीच नाही.

रेवा_यवतमाळ

मग अजून एक. लीडवर जाळी, प्लगलाही धातूचं कवच, सगळं झाकलेलं, तरी विमानाच्या प्लगमध्ये रेझिस्टर असतो असं वाचलं. दोन्ही कशाला?

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

कारण जाळीमुळे एक नवीन भानगड तयार होते. मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून एक कपॅसिटर झाला. कॉइल व्होल्टेज चढवते तेव्हा आधी हा कपॅसिटर भरतो, आणि प्लगवर ठिणगी पडली की तो साठा एका क्षणात प्लगच्या टोकांतून रिकामा होतो. त्यानं इलेक्ट्रोड लवकर झिजतात. रेझिस्टर तो लोंढा आवरतो. म्हणजे गाडीत रेझिस्टर मुख्य करून रेडिओसाठी, विमानात तो प्लगच्या आयुष्यासाठीही. विमानाच्या प्लगचा रेझिस्टर जुना होऊन चढला, पाच हजार ओहमच्या वर गेला की प्लग बाद करतात.

संत्रावाला (वरुड)

हे सगळं ठीक हाये, पन माह्या वावरात पंप बंद असला तरी रेडिओत टक... टक... येते. सेकंदाले एक. पंप नाई, ट्रॅक्टर नाई, लाइन बी नाई. भूत हाये का?

झाडीचा_वाघ (साकोली)

घड्याळ गिळलं असन रेडिओनं.

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

शेजाऱ्याकडे झटका मशीन आहे का?

संत्रावाला (वरुड)

हाये ना बापा. रानडुकरं आन् रोही लय झाले. सगळ्या धुऱ्यानं तार बांधली त्यानं, सोलरवाली.

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

तेच. झटका मशीन साधारण सेकंदाला एक झटका तारेत सोडतं. तार नीट ताणलेली, इन्सुलेटर चांगले, गवत टेकत नाही, तर रेडिओत फार काही येत नाही. गवत टेकलं, इन्सुलेटर तडकला किंवा तारेचा सांधा ढिला झाला की तिथं ठिणगी पडते आणि सगळी तार अँटेना होते. छोटा ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर कुठलंच स्टेशन नसेल तिथं काटा ठेवा आणि तारेच्या बाजूबाजूनं चाला, तारेला हात न लावता. टक जिथं सगळ्यात जोरात, तिथं उभं राहून पहा. बहुतेक वेळा लाकडी खुंटावर नुसत्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा खोचून तार नेलेली असते तिथंच सापडतं. शेजाऱ्याचाही फायदा, झटका शेवटच्या टोकापर्यंत जोरात जातो.

आणि ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते, ती दिशेप्रमाणे कमीजास्त पकडते. रेडिओ जागेवरच हळूहळू गोल फिरवून बघा, एका कोनात टक अगदी बारीक होईल. त्या कोनात नागपूर चांगलं लागलं तर काहीच करायची गरज नाही.

संत्रावाला (वरुड)

शेजारी अन् मी बोलत नाई. रेडिओच फिरवतो.

उडता_पोट्टा (तुमसर)

रोवणी आटोपून ड्यूटीवर आलो. वायुसैनिक काकांनी सांगितलेलं सगळं साहेबांसोबत करून पाहिलं, म्हणून उशीर.

अल्टरनेटर बंद केला, टरटर तशीच. अँटेनाची केबल सोडली, टरटर कमी झाली पण पूर्ण गेली नाही. मॅग्नेटोचं मात्र डोक्यात गोंधळ झाला. लेफ्टवर नेलं तर आरपीएम नेहमीसारखे पडले, टरटर तशीच. राइटवर नेलं तरीबी टरटर तशीच. दोन्हीकडे सारखी. म्हणजे काकांच्या हिशोबानं मॅग्नेटोचा दोष नाही असं झालं का?

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

दोन्हीकडे सारखी आहे तर सामायिक गोष्ट पहा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते विमानापासून तुटलेलं. त्याला बांधणारा अर्थिंगचा पट्टा ढिला किंवा गंजलेला असेल तर सगळं इंजिनच वाजतं. अँटेनाच्या बुडाशी गंज, अँटेना केबलच्या बीएनसी कनेक्टरची जाळी सुटलेली, हे पण पहा. माझी पैज पट्ट्यावर.

जुना_वायुसैनिक (आर्वी)

थांबा थांबा. पोरा, राइटवर नेल्यावर आरपीएम किती पडले ते तू लिहिलंच नाहीस.

उडता_पोट्टा (तुमसर)

पडलेच नाहीत काका. काटा हललाच नाही. पण गंमत अशी की जरा वेळानं परत केलं तर पडले. लॉगमध्ये मागचं पाहिलं तर एका इन्स्ट्रक्टरनं शेरा मारलेला, राइटवर कधी ड्रॉप येतो कधी नाही. बाकी पोरं तर म्हणत होती ड्रॉप नाही म्हणजे इंजिन एकदम कडक आहे.

जुना_वायुसैनिक (आर्वी)

ड्रॉप नाही म्हणजे कडक नाही. ड्रॉप नाही म्हणजे डावा मॅग्नेटो बंद झालाच नाही, स्विच राइटवर असतानाही दोन्ही चालू होते. म्हणून टरटरही दोन्हीकडे सारखी आली. तो बंदच होत नाही तर त्याचा आवाज कमी कसा होईल? कधी पडतो कधी नाही, म्हणजे जाळी काही तारांवर लटकलेली आहे, थरथरीत टेकते आणि सुटते.

ऑफ करून पाहिलं का?

उडता_पोट्टा (तुमसर)

आत्ता साहेबांनी केलं. आयडलवर ऑफ. इंजिन चालूच राहिलं.

मिक्स्चरचा नॉब ओढला, इंधन तोडून इंजिन बंद केलं. विमानाचं उडणं बंद केलं, प्रोपेलरला लाल फडकं बांधलं, हात लावू नये असा बोर्ड लावला. आम्ही रोज हँगरमध्ये ढकलताना प्रोपेलरच्या मुळाशी धरतो काका. सगळेच धरतात.

झाडीचा_वाघ (साकोली)

आता मस्करी सुचून नाही राहिली. सांभाळून रे भाऊ.

गुरुजी_मेहकर

स्क्वेल्च चढवला असता तर हे कळलंच नसतं.

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

पैज हरलो, मान्य. पण माझा एक मुद्दा आहेच. जाळी दोन्ही टोकांना बॉडीला जोडलेली असती तर इंजिनाकडचं टोक तुटूनही स्विचला ग्राउंड मिळाला असता. व्हीएचएफच्या दृष्टीनंही दोन्हीकडे जोडलेली जाळी जास्त चांगली. एकाच टोकाला जोडण्याचा हट्ट का?

जुना_वायुसैनिक (आर्वी)

हट्ट नाही. दोन्हीकडे जोडलं की जाळीतून इतर करंट फिरायला लागतात. इंजिन आणि बॉडी यांच्यात नेहमी थोडा व्होल्टेजचा फरक असतो, अल्टरनेटरचा करंट पट्ट्यातून वाहतो त्यामुळे, आणि स्टार्टर मारला की तो फरक अजून वाढतो. मग टरटरीच्या जागी शिट्टी येते. म्हणून पुष्कळांची पद्धत अशी की जाळी मॅग्नेटोच्या बाजूला ग्राउंड करायची आणि स्विचकडच्या टोकाला फक्त स्विचच्या ग्राउंड टर्मिनलला जोडायची, पॅनलच्या पत्र्याला नाही.

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

ऑडिओच्या वायरला हा नियम मी मानतो. ठिणगीच्या वायरला नाही. ह्यावर आपण संध्याकाळी वेगळा धागा काढू.

जुना_वायुसैनिक (आर्वी)

काढा. पण प्रमाणपत्र असलेल्या विमानाला आपल्या दोघांचं मत लागू नाही. त्याच्या मॅन्युअलमधला वायरिंग डायग्राम लागू, आणि सही एएमईची.

बॅटरीवाला (हिंगणघाट)

पोट्टे, जाळीचा पीस पाहिजे असन तर आमच्याकडे अर्थिंगची तांब्याची जाळी मिळते, पाहिजे त्या मापाची. पाठवू का बसनं?

उडता_पोट्टा (तुमसर)

मनापासून धन्यवाद भाऊ, पण बाजारातलं काही लावता येत नाही, पार्टसोबत कागद लागतो. मायक्रोलाइटवाल्यांचं माहीत नाही, आमच्याकडे तरी स्क्रूसुद्धा कागदाशिवाय लागत नाही.

रेवा_यवतमाळ

मायक्रोलाइटमध्ये हा त्रास जास्त का कमी?

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

वेगळा. रोटॅक्स 582 सारख्या टू स्ट्रोकला असा मॅग्नेटो नसून सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असतं आणि प्लगच्या लीडवर जाळी नसते. तिथं बीआर8ईएस सारखे आर असलेले प्लग, पाच किलोओहमच्या प्लग कॅप, आणि लीड रेडिओच्या वायरीपासून लांब ठेवणं ह्यावरच भागवावं लागतं. कोणी हौसेनं घरीच लीडवर जाळी चढवली तर कपॅसिटन्स वाढून प्लगला पोचणारं व्होल्टेज कमी होतं, ठिणगी कमजोर. आकाशात इंजिन बंद पडण्यापेक्षा टरटर बरी.

शिवाय पुष्कळ मायक्रोलाइटचे पंख कापडाचे आणि पॉड फायबरचा. अँटेनाला खाली धातूचा पत्रा पाहिजे असतो. पाव वेव्हची कांडी 127 मेगाहर्ट्झला साधारण 59 सेंटिमीटर येते, तिच्याखाली तेवढ्याच त्रिज्येच्या तांब्याच्या फॉइलच्या पट्ट्या चारी बाजूंनी चिकटवतात. ते नसलं की केबलची जाळीच अँटेनाचं काम करायला लागते आणि ती केबल इंजिनाशेजारून गेली की आवाज थेट आत.

उडता_पोट्टा (तुमसर)

शेवटचा अहवाल. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं. डाव्या मॅग्नेटोकडे पी-लीड जिथं घुसते तिथं जाळी दाबून बसवलेली असते, त्या दाबाच्या कडेलाच तारा एकेक करून तुटत गेलेल्या. बाहेरून रबराच्या बाहीत झाकलेलं, दिसत काहीच नव्हतं. बाही सरकवली तर तीनचार तारा फक्त लटकत होत्या, टोकं काळी पडलेली. केबल इंजिनावरच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसलेली नव्हती, क्लॅम्पचं रबर उन्हानं आणि इंजिनाच्या गरमीनं विटून गेलेलं, म्हणून सगळा हेलकावा त्या एका कडेवर बसत होता. ओहममीटरनं स्विचच्या ग्राउंडपासून मॅग्नेटोच्या बॉडीपर्यंत मोजलं, केबल हातात हलवली की आकडा नाचत होता.

नवीन पी-लीड, नवीन क्लॅम्प, साहेबांची सही. उजवीकडची पण उघडून पाहिली, ती चांगली निघाली. आता राइटवर ड्रॉप बरोबर येते, ऑफ केलं की इंजिन मरते. टरटर गेली. दूरचा टॉवर ऐकू येतो.

फक्त आता ती गेल्यावर मागं एक बारीक शिट्टी राहिली ती कळायला लागली. आरपीएमसोबत चढते. अल्टरनेटर बंद केला की जाते.

जुना_वायुसैनिक (आर्वी)

शाब्बास. शिट्टी जाते अल्टरनेटर बंद केल्यावर, म्हणजे ती अल्टरनेटरचीच. त्याच्या आउटपुटला एक कपॅसिटर असतो, तो आणि त्याचा ग्राउंड पहा. मग रेडिओ आणि हेडसेटच्या जॅकचे ग्राउंड. मागच्या दोन सीझनमध्ये कोणी हेडसेटचे जॅक बदललेत का विचार, जॅकच्या खालची इन्सुलेटिंग वॉशर विसरली की जॅक पॅनलच्या पत्र्याला टेकतो आणि अशीच शिट्टी येते. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असेल तरी शिट्टी वाढते. घाई नाही, ह्यात जीवाला धोका नाही. आणि सगळ्यांना सांग, स्विच ऑफ असला तरी प्रोपेलर चालू आहे असंच समजून वागा. ढकलायला टो-बार (विमान ओढायचा दांडा) वापरा.

उडता_पोट्टा (तुमसर)

टो-बार आहे काका, एका कोपऱ्यात पडलेला. उद्यापासून काढतो. वॉशरचं पण पाहतो, जॅक बदललेत असं आत्ताच कळलं.

संत्रावाला (वरुड)

माह्या पंपाले आरवाला प्लग टाकला. खर्रर्र निम्म्याच्या वर कमी झाली, पंप दोन ओळी पुढं गेला का बातम्या साफ. बॅटरीवाले भाऊ, दुकानदार म्हने दोन्ही सारखेच हायेत, जसं तुम्ही म्हनलं तसंच म्हने! झटक्याची टक मात्र रेडिओ फिरवला तरी बारीक राहतेच. आता शेजाऱ्यासोबत बोलावं लागते का बा?

झाडीचा_वाघ (साकोली)

बोलू नका, ट्रान्झिस्टर घेऊन त्याच्या धुऱ्यानं फिरा. तोच येऊन विचारते काय करून राहिले म्हणून.

हॅम_अकोला (मूर्तिजापूर)

पी-लीडच्या जाळीचा वेगळा धागा काढला आहे. वायुसैनिक काका, या.